गेल्या काळास आमंत्रण

गृहस्थाश्रमी माणसाला कोणाकोणाला जेवायला बोलवावे लागेल याचा नेम नसतो. व्याही येतात, वरिष्ठ येतात, बदलून गेलेले आणि बदलून आलेले येतात. परंतु एक अख्खे दशक जेवायला बोलवावे असा प्रस्ताव आमच्या घरात यंदा प्रथमच आला, आणि तो मांडला आमच्या सोळा वर्षांच्या कन्येने.

तिच्या भाषेत याला 'रेट्रो पार्टी' म्हणतात. एखादे सरलेले दशक निवडायचे, यजमानांनी आणि पाहुण्यांनी त्या काळचा पोशाख करायचा, त्या काळची गाणी लावायची, त्या काळचे पदार्थ रांधायचे, आणि तीनचार तास आपण जणू त्याच काळात राहत आहोत अशा थाटात वावरायचे. तिने निवडलेले दशक १९६० ते १९६९ हे होते. या दशकात तिचा जन्म नाही, तिच्या आईचा नाही आणि माझाही नाही. ते प्रत्यक्ष पाहिलेली घरात एकच व्यक्ती होती, ती म्हणजे माझी आई. आणि आरंभी तिला कोणी काही विचारलेच नाही! मला आज जे सांगायचे आहे ते या एका चुकीभोवती फिरते.

बदलीच्या नोकरीमुळे आम्ही सध्या बेंगळुरूस राहतो. या शहराला सारे जग भविष्यकाळाचे शहर समजते. येथे भूतकाळाला मेजवानी द्यायची म्हणजे समुद्रकाठी विहीर खणण्यासारखे आहे, असे मला प्रथम वाटले. पण थोडा विचार करता ध्यानात आले की, साठीच्या दशकाला बोलवायचे तर याहून योग्य गाव सापडणे कठीण. कारण त्या दशकातील भारतीय घरातल्या कितीतरी वस्तू याच गावी जन्मल्या. काळ्या रंगाचा, बोटाने तबकडी फिरवायचा टेलिफोन घ्या. तो करणारा इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजचा कारखाना येथे १९४८ साली निघाला. भारत इलेक्ट्रॉनिक्सची स्थापना १९५४ ची, आणि रेडिओला लागणारे व्हॉल्व्ह ती साठीच्या दशकात येथे करू लागली. एचएमटीने १९६१ मध्ये येथेच मनगटी घड्याळे करण्यास आरंभ केला आणि पुढे देशातल्या असंख्य नवरदेवांच्या मनगटावर त्या कारखान्याची टिकटिक सुरू झाली. फार काय, 'आकाशवाणी' हे नावसुद्धा याच प्रांतातले. प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली म्हैसूरला आपले खासगी नभोवाणी केंद्र सुरू केले, ते त्याच नावाने ओळखले जाई.

मी इतिहासाचा एम. ए. आणि पोटापाण्याने सरकारी नोकर. या दोन व्याधी एकत्र आल्या की माणूस कोणत्याही आनंदाची फाईल उघडतो. मीही उघडली. मुलीने काढलेला आमंत्रणाचा मसुदा माझ्यापुढे आला, त्यावर 'साठीच्या दशकातील कर्नाटकात आपले स्वागत' असे लिहिले होते. मी शेरा मारला, "तेव्हा म्हैसूर राज्य. कर्नाटक हे नाव १ नोव्हेंबर १९७३ पासून." तिने घंटाकृती पायांच्या विजारी मागवल्या होत्या. त्यांचा बहर मुख्यतः पुढच्या दशकातला, असा दुसरा शेरा. भिंतीवर लावण्यासाठी कॅसेटची चित्रे होती. कॅसेट आपल्याकडे घरोघर पोचल्या त्या आणखी बऱ्याच उशिरा. कोपऱ्यात खोक्याचा दूरदर्शन संच मांडायचा बेत होता. मुंबईला दूरदर्शन आले तेच मुळी २ ऑक्टोबर १९७२ रोजी. पाहुण्यांची यादी चाळिसावर गेली, तेव्हा मी तिला सांगितले की, धान्यटंचाईच्या त्या वर्षांत निरनिराळ्या राज्यांनी 'गेस्ट कंट्रोल ऑर्डर' काढून एका वेळी किती पाहुण्यांस जेवू घालावे यावर मर्यादा घातली होती. तेव्हा दशकाशी प्रामाणिक राहायचे तर प्रथम यादीच कापावी लागेल. यावर ती म्हणाली, "बाबा, तुम्ही पार्टी देताय की तपासणी करताय?"

प्रश्न रास्त होता. चुका काढण्याने काळ जिवंत होत नाही. पण चुका तशाच ठेवून तरी तो कसा होणार? शेवटी तडजोड झाली. आमंत्रणे आंतरदेशीय पत्रांवर हाताने लिहिली आणि टपालपेटीत टाकली. शेजारच्या दारात जायला त्या पत्रांना तीनचार दिवस लागले, आणि त्या तीनचार दिवसांत मुलीने पहिल्यांदाच वाट पाहण्याचा अनुभव घेतला. रोज ती शेजाऱ्यांना विचारी, "पत्र आले का?" मला वाटते, त्या साऱ्या तयारीत साठीच्या दशकाचा पहिला खरा स्पर्श तिला झाला तो येथे.

दुसरा स्पर्श पोशाखाच्या निमित्ताने झाला. स्त्रियांनी काय नेसावे याचा पुरावा म्हणून मुलीने आजीच्या ट्रंकेतून एक छायाचित्र काढले. ते कऱ्हाडला १९६३ साली काढलेले. आईचे आईवडील खुर्च्यांवर बसलेले, आणि परकर-पोलक्यातली दहा वर्षांची माझी आई त्यांच्या मधोमध उभी. मुलीने काठापदराची साडी आणि खोट्या सोन्याच्या ठसठशीत पाटल्या आणून ठेवल्याच होत्या. छायाचित्र न्याहाळता न्याहाळता ती थबकली. "आजी, तुझ्या आईच्या हातात नुसत्या काचेच्या बांगड्या कशा? फोटो काढायच्या दिवशीसुद्धा तिने पाटल्या घातल्या नाहीत?"

आई भाजी निवडत होती. तिने मान वर न करता उत्तर दिले, "होत्या कुठे घालायला? चीनच्या लढाईत दिल्या."

एवढे बोलून ती थांबली असती. पण नात समोर बसली आणि आईला पुढे बोलावेच लागले. १९६२ च्या ऑक्टोबरात चीनचे आक्रमण झाले. नोव्हेंबरात कऱ्हाडचे यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले. गावोगाव संरक्षण निधीसाठी सभा होत होत्या आणि बायका सभेत उठून अंगावरचे सोने उतरवून देत होत्या. आजीने घरी कोणाला न विचारता हातातल्या पाटल्या काढल्या आणि समोर धरलेल्या ताटात ठेवल्या. आजोबा प्राथमिक शिक्षक. नवीन पाटल्या करण्याची ऐपत नव्हतीच, आणि जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले, तेव्हा चौदा कॅरटहून अधिक शुद्धतेचे दागिने घडवण्यासच बंदी झाली. "पण आईला वाईट वाटलेले आम्हाला कधी दिसले नाही," माझी आई म्हणाली. "फक्त फोटोच्या वेळी ती हात पदराखाली घेत होती. फोटोग्राफर म्हणाला, बाई, हात दिसू द्या. तेव्हा तिने ते वर काढले."

मी या बाईंचा नातू. इतिहासाची पदवी घेतली, १९६२ वर परीक्षेत उत्तरे लिहिली, आणि पंचेचाळीस वर्षांत हे छायाचित्र अनेकदा हातात घेतले. त्या मनगटांकडे माझे लक्ष कधी गेले नव्हते. ते गेले एका पोरीचे, केवळ पोशाखाची नक्कल करायची म्हणून. तेव्हापासून नकलेला नाके मुरडणे मी सोडून दिले आहे. नक्कल करू पाहणाऱ्याला बारकाईने पाहावे लागते, आणि बारकाईने पाहणाऱ्याला कधीतरी प्रश्न पडतोच.

समारंभ २६ जानेवारी २०२६ रोजी सायंकाळी ठरला होता. सुटीचा दिवस, सर्वांस सोयीचा. दिवाणखान्यातले प्रखर दिवे काढून पिवळे बल्ब लावले होते. ग्रामोफोनवर तबकडी फिरत होती. वरच्या मजल्यावरचे कन्नड कुटुंब, समोरचे तमिळ दांपत्य, कचेरीतले दोघेतिघे मराठी स्नेही असे वीसेक लोक जमले. स्वयंपाकघरात बटाटेवडे, मसालेभात आणि श्रीखंड अशी सिद्धता होती. सर्वांच्या आग्रहावरून आई मधल्या खुर्चीवर बसली. मुलीने विचारले, "आजी, सगळं बरोबर आहे ना? तुमच्या वेळी असंच होतं ना?"

आईने सभोवार पाहिले आणि विचारले, "आज वार कोणता?"

"सोमवार."

"मग जेवण कसलं? सोमवारी रात्री आमच्याकडे चूल पेटत नसे."

क्षणभर सारे स्तब्ध झाले. मग तिने सांगितले. १९६५ साली पाकिस्तानशी युद्ध आणि घरात धान्याची टंचाई अशी दोन्ही संकटे एकदम उभी असताना पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी देशाला आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. सोमवारची रात्र त्यासाठी ठरली. उपाहारगृहेसुद्धा त्या संध्याकाळी बंद राहू लागली. माझ्या आजीपुढे मात्र निराळाच पेच पडला. ती शंकराचे सोमवार करी. तो उपवास दिवसभर धरायचा आणि सूर्यास्तानंतर जेवून सोडायचा. शास्त्रीजींचा सोमवार नेमका रात्रीचा! दोन्ही पाळावेत तर चोवीस तास निराहार राहावे लागे. दोन आठवडे तिने तसे केले. तिसऱ्या सोमवारी तिने देवापुढे निरांजन लावून मोठ्याने सांगितले, "महादेवा, यंदा तुझा उपवास देशाच्या खात्यावर जमा धर." आणि ती दुपारी मुलांबरोबर जेवून उठली.

हे सारे आई मराठीत सांगत होती. मी ते तोडक्यामोडक्या कन्नडमध्ये आणि इंग्रजीत सांगत गेलो. वरच्या मजल्यावरच्या कुटुंबातले वृद्ध गृहस्थ लक्ष देऊन ऐकत होते. ते म्हणाले, "आमच्या घरीही सोमवारी रात्री फक्त पाणी मिळे." समोरच्या तमिळ बाईंनाही आपल्या आजोळची तीच आठवण निघाली. तीन भाषांतली तीन माणसे, साठ वर्षांपूर्वी परस्परांना ठाऊकही नसताना, एकाच रात्री उपाशी झोपत होती! तेवढ्यात मुलीने आपणहून घोषणा केली की, आठ वाजेपर्यंत कोणालाही काही मिळणार नाही. त्या तासभरात जो संवाद झाला तो वडे खाता खाता झाला असता असे मला वाटत नाही.

ते वृद्ध गृहस्थ घड्याळाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले निघाले. आई आत गेली आणि आपल्या वडिलांचे एचएमटीचे 'जनता' घड्याळ घेऊन आली. किल्लीचे घड्याळ. सेवाकाळातली ही त्यांची एकुलती चैन. त्यांच्यामागे आई रोज संध्याकाळी त्याला किल्ली देत आली आहे. गृहस्थांनी ते कानाशी धरले, डोळे मिटले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर कन्नडमध्ये एवढेच म्हणाले, "चांगले चालले आहे. तुम्ही नीट सांभाळलेत." आईला कन्नड येत नाही. परंतु या वाक्याचे भाषांतर तिने मला करू दिले नाही. बेंगळुरूस आल्यापासून दोन वर्षे आमच्या घरात ती जवळजवळ अबोल होती. भाषा परकी, माणसे परकी, गल्लीतली भाजीवालीही परकी. त्या संध्याकाळनंतर ते गृहस्थ आणि त्यांची पत्नी दर गुरुवारी चहाला खाली येतात. कोण कोणत्या भाषेत बोलते हे मला अद्याप नीटसे उमगलेले नाही.

गेलेल्या काळाविषयी आपण दोन प्रकारे बोलतो. एक तर तो सोन्याचा होता म्हणून गहिवरतो, नाहीतर तो टंचाईचा होता म्हणून नाक मुरडतो. आईच्या बोलण्यात यांपैकी काहीच नव्हते. रेशनच्या रांगा होत्या हे तिने लपवले नाही, आणि त्या रांगा फार रम्य होत्या असेही सांगितले नाही. ते दिवस पुन्हा यावेत असे तिला मुळीच वाटत नाही. तिच्या दृष्टीने तो काळ कपड्यांचा नव्हता, गाण्यांचाही नव्हता. आपल्या ताटातले काय कोणासाठी सोडायचे हे ठरवण्याचा तो काळ होता.

म्हणून, आपल्यापैकी कोणाच्या घरी मुलांनी असा हट्ट धरला तर त्यांना अडवू नये असे मी सुचवीन. पिवळे दिवे लावावेत, तबकड्या शोधाव्यात, पत्रे टपालात टाकावीत. मात्र सामानाची यादी करण्याआधी घरातल्या, नाहीतर शेजारच्या, ज्या कोणी ते दशक पाहिले असेल त्याला मधल्या खुर्चीवर बसवावे आणि त्याला विचारावे की, आमचे काय चुकले आहे. असा प्रश्न विचारता येण्याचे दिवस मोजके असतात. १९६५ साली बारा वर्षांची असलेली मुलगी आज बहात्तर-त्र्याहत्तर वर्षांची आहे.

आमच्याकडे आठ वाजता जेवणे झाली. वडे थोडे गार झाले होते, पण कोणी तक्रार केली नाही. पाहुणे गेल्यावर मुलीने खोट्या पाटल्या काढून डब्यात ठेवल्या आणि आजीजवळ हात पुढे केला. आईने क्षणभर तिच्याकडे पाहिले, आणि ते घड्याळ तिच्या तळव्यावर ठेवून किल्ली किती फिरवायची ते दाखवले. "अडखळली की थांबायचं," ती म्हणाली. "जोर करायचा नाही."

तेव्हापासून संध्याकाळची किल्ली आमची मुलगी देते.