दुसऱ्यांदा पाहताना
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दर वर्षी वर्धापनदिनाला मी मागच्या खोलीत असते. खुर्च्या मोजून देणे, फराळाच्या बशा भरणे, पाहुण्यांना पाणी नेणे ही माझी कामे. या वर्षी चिटणीसबाईंनी आग्रह धरला, "तुम्ही चार शब्द बोलाच." मी म्हटले, "अहो, माझी शाळा सातवीत सुटली. मी काय बोलणार?" त्या म्हणाल्या, "जे मनापासून आवडते त्यावर बोला." आता मला जे मनापासून आवडते ते सांगायला थोडा संकोच वाटतो, कारण ते एक कार्टून आहे. हसलात तरी हरकत नाही, पण शेवटपर्यंत ऐकून घ्या.

या कार्टूनचे नाव 'अवतार : द लास्ट एअरबेंडर'. मायकेल दांते डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएत्झ्को या दोघांनी ते अमेरिकेत रचले आणि २००५ ते २००८ या काळात ते तेथील दूरदर्शनवर झाले. एकूण भाग ६१. पाणी, पृथ्वी आणि अग्नी असे त्याचे तीन खंड. नाव आपल्या ओळखीचे असले तरी गोष्ट आपल्या पुराणातली नव्हे. त्यात चार प्रजा आहेत. कोणाच्या हुकमात पाणी, कोणाच्या माती, कोणाच्या अग्नी, तर कोणाच्या वारा. अग्नीवाल्यांनी शंभर वर्षे लढाई चालवून सगळ्यांना जेरीस आणले आहे. चारही तत्त्वे ज्याच्या ऐकण्यात राहतील असा एकच मुलगा, आंग. तो शंभर वर्षे बर्फात गोठून राहिलेला, वय बारा वर्षांचे. कटारा आणि सोका ही बहीणभावंडे त्याला बाहेर काढतात, आणि अग्नीवाल्यांचा राजपुत्र झुको त्याला पकडायला पाठीस लागतो. गोष्ट एवढीच.

दहा वर्षांपूर्वी माझी मुले लहान असताना ती हे कार्टून बघत. मी शेंगा सोलता सोलता, भाजी निवडता निवडता बघितले. तेव्हा माझे सगळे निकाल तयार होते. झुको म्हणजे उर्मट पोरगा, थोरामोठ्यांवर ओरडणारा. त्याचा काका आयरो म्हणजे खादाड म्हातारा, चहाशिवाय दुसरे काही न सुचणारा. झुकोची बहीण अझुला जात्याच दुष्ट. आणि कटारा चांगली, पण सदा दुसऱ्याला शिकवणारी. मला चांगली माणसे कोण आणि वाईट कोण एवढे कळले, की पुढे काय होते याचीच घाई असे.

या वर्षी जून महिन्यात मी तेच कार्टून पहिल्या भागापासून पुन्हा बघितले. या खेपेस बरोबर फक्त माझा मुलगा होता. तो आता सोळा वर्षांचा आहे. बोलणे इंग्रजीत, मला कळले नाही की तो चित्र थांबवून सांगे. पुढे काय होणार ते तर मला ठाऊकच होते. म्हणून घाई नव्हती. आणि घाई नसली म्हणजे दुसराच प्रश्न मनात येतो. हा माणूस असे का वागतो?

झुकोचेच घ्या. त्याच्या डाव्या डोळ्यावर भाजल्याचा मोठा डाग आहे. तो कसा पडला ते पहिल्या खंडाच्या बाराव्या भागात त्याचा काका जहाजावरच्या खलाशांना सांगतो. झुको तेरा वर्षांचा होता. हट्ट करून तो युद्धाच्या मसलतीला बसला. एका सेनापतीने बेत मांडला, की नवख्या शिपायांची तुकडी मुद्दाम मरायला पुढे घालावी. पोराला ते सहन झाले नाही. तो उठून बोलला. भर सभेत बोलला, म्हणून द्वंद्वाची शिक्षा झाली. त्याला वाटले, आपल्यापुढे तो सेनापती येईल. प्रत्यक्षात पुढे उभा राहिला त्याचा बाप, राजा ओझाई. पोराने गुडघे टेकून क्षमा मागितली, लढायचे नाकारले. बापाने सगळ्यांच्या देखत त्याचे तोंड भाजले, देशाबाहेर घालवले, आणि सांगितले की अवतार पकडून आणलास तर गेलेली इज्जत परत मिळेल. अवतार तर शंभर वर्षे कोणी पाहिलेला नव्हता. म्हणजे परत येऊच नये अशी ती सोय होती.

हे कळल्यावर त्याचे पहिल्या भागातले ओरडणे वेगळे ऐकू येते. बापाने काढून घेतलेली इज्जत बापच परत देईल, असे त्याने धरून ठेवले आहे. आपल्या हातून चूक झालीच नव्हती, हे कोणी त्याला सांगितलेले नाही. पुढे तिसऱ्या खंडात त्याला सगळे मिळते. घर, मान, बापाच्या शेजारची जागा. पुन्हा तशीच मसलत बसते, त्याहून भयंकर बेत ठरतो, आणि या वेळी तो गप्प राहतो. तेरा वर्षांचा असताना बोलला तर तोंड भाजले, सोळाव्या वर्षी गप्प बसला तर शाबासकी मिळाली. ती शाबासकी त्याला पचत नाही. म्हणूनच तो सगळे सोडून आंगच्या बाजूला जातो.

अझुला चौदा वर्षांची. मी तिला जात्याच दुष्ट म्हणत होते. दुसऱ्या खंडाच्या आरंभी ती विजेचा डाव साधते आहे. डाव उत्तम साधतो. तरी कपाळावर एक केस सुटला म्हणून ती पुन्हा करते. त्या घरात बापाची माया चुकीला नव्हतीच, ती सगळी यशाला होती. भावाचे काय झाले ते तिने डोळ्यांनी पाहिलेले. आणि आई? आई उर्सा सज्जन बाई. पण तिचा ओढा दुबळ्या मुलाकडे. मुलगी काही क्रूर बोलली की या पोरीचे काय बिघडले आहे, असे ती म्हणायची. पुढे समुद्रकाठच्या एका भागात अझुला हसत हसत सांगते, की आईला मी राक्षसीण वाटत असे. शेवटी राज्याभिषेकाच्या दिवशी ती सगळ्या दासींना हाकलते आणि एकटी आरशापुढे बसते. तिला आरशात आई दिसते. ती आरसा फोडते.

भगिनींनो, येथे मी मुलाला चित्र थांबवायला सांगितले. आपल्या घरातही एक हुशार, धीट मुलगी असते. आपण म्हणतो, "तिची काळजी नाही, तिचे ती बघून घेईल." आणि रडवे पोर मांडीवर घेतो. मी माझ्या मोठ्या मुलीच्या बाबतीत असेच केले. ती आता परगावी शिकते. त्या रात्री मी तिला काही कारण नसताना फोन केला. तिने दोनदा विचारले, "आई, काय झालं गं? बरी आहेस ना?"

कारण कळले म्हणजे माफी झाली, असे मात्र नव्हे. हे मला कटाराने शिकवले. ती आठ वर्षांची असताना तिच्या आईला अग्नीवाल्यांच्या एका सरदाराने मारले. ज्याला तो शोधत होता ती त्या टोळीतली पाण्यावर हुकूम चालवणारी शेवटची व्यक्ती म्हणजे कटाराच. आईने "ती मीच" असे सांगून लेकीला वाचवले. तेव्हापासून ही पोर घरची आई झाली. तिचा भाऊ सोका एकदा म्हणतो, की आईचा चेहरा आठवायला गेलो की मला कटाराचाच चेहरा दिसतो. मग तिने सगळ्यांना शिकवू नये तर काय करावे? पुढे तो सरदार तिला सापडतो. आता तो म्हातारा झाला आहे, आईची बोलणी खात भाजी पिकवतो. जीव वाचवायला तो आपली स्वतःची आईच देऊ करतो. कटारा बर्फाचे सुरे त्याच्या अंगाशी आणून थांबवते. मारत नाही. पण त्याला क्षमा केली असेही म्हणत नाही. ज्याने पुढे चांगले वागून दाखवले त्या झुकोला मात्र ती क्षमा करते. मला हा हिशोब फार पटला. माणसाला समजून घेणे वेगळे, त्याला सोडून देणे वेगळे. ओझाई असा का झाला याचे कारण मला ६१ भागांत सापडले नाही. कारण सापडले नाही म्हणून त्याची शिक्षा काही चुकली नाही.

आता ज्याच्यासाठी मी हे सगळे सांगत आहे त्या आयरोकडे येते.

आयरो हा ओझाईचा थोरला भाऊ, म्हणजे गादीचा खरा वारस. एके काळचा मोठा सेनापती. बा सिंग से नावाच्या तटबंद शहराला त्याने सहाशे दिवस वेढा घातला. तेथे त्याचा एकुलता मुलगा लू टेन मारला गेला आणि तो वेढा उठवून परत फिरला. दुसऱ्या खंडात याच शहरात तो एका दिवसात कोणाचे रडते पोर गाणे म्हणून गप्प करतो, लुटायला आलेल्याला चहा पाजून शहाणे करतो, आणि संध्याकाळी टेकडीवर झाडाखाली मुलाची तसबीर मांडून एकटा रडतो. त्या दिवशी मुलाचा वाढदिवस असतो. दहा वर्षांपूर्वीही मी येथे डोळे पुसले होते.

पण या वेळी माझे डोळे भरले ते वेगळ्या जागी. झुकोला त्या मसलतीत नेले होते काकानेच. दरवाजावरच्या पहारेकऱ्याने अडवले तेव्हा काकाने आत घेतले. आणि मैदानात बाप पोराला भाजतो त्या क्षणी, गर्दीत बसलेला हा काका मान वळवतो. एवढेच. एक क्षणाचे चित्र आहे. पहिल्या वेळी ते मला दिसलेही नव्हते.

भगिनींनो, आमच्या मुलाला दहावीत अपेक्षेपेक्षा बरेच कमी गुण मिळाले. निकालाच्या संध्याकाळी घरात पाहुणे होते. त्यांच्या देखत आमचे हे त्याला नको ते बोलले. "माझी मान खाली घातलीस" म्हणाले, आणखीही बोलले. माझे यजमान काही ओझाई नव्हेत, हे आधीच सांगते. त्यांना परिस्थितीमुळे शिक्षण सोडून कामाला लागावे लागले. स्वतःचे राहिलेले ते मुलात शोधत होते. पण मी? मी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होते. मुलाने माझ्याकडे बघितले. मी ट्रे घेऊन आत वळले, साखर विसरल्याचे निमित्त करून. पुढे तीन आठवडे बापलेक बोलत नव्हते, आणि मी मनात म्हणत होते, यांचे भांडण, यात माझा काय दोष?

त्या भागाला मुलाने आपणहून चित्र थांबवले. तो म्हणाला, "आई, काकांनी बघितलं नाही." मी म्हटले, "त्याला बघवलं नाही रे." तो म्हणाला, "हो. पण नंतर तो बरोबर गेला ना." मग त्याने चित्र पुढे चालू केले. आम्ही दोघेही आणखी काही बोललो नाही.

रात्रभर मला तेच आठवत होते. आयरोने मान वळवली, पण नंतर देशाबाहेर घालवलेल्या त्या पोराबरोबर तो जहाजावर गेला. त्याचे ओरडणे सोसले, चहा करून दिला, पोराने दगा दिला तेव्हा तुरुंगही सोसला. शेवटी झुको क्षमा मागायला येतो. काका झोपलेला असतो, म्हणून पोर रात्रभर शेजारी बसून राहते. सकाळी त्याचे वाक्य पुरे होण्याआधीच काका त्याला ओढून पोटाशी धरतो.

सकाळी मी मुलाला सांगितले, "त्या दिवशी मी आत गेले ते साखरेसाठी नव्हे. मला धीर झाला नाही. चुकलं माझं." तो "जाऊ दे गं" म्हणाला, पण त्या दिवशी तो माझ्याजवळ बसून जेवला. मग मी यांच्याशीही बोलले. ते आधी रागावले, मग गप्प राहिले. आठ दिवसांनी त्यांनी मुलाला विचारले, "तुला काय शिकायचं आहे?" त्याने सांगितले ते त्यांना सगळे पटले असे नाही, पण त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. सगळे मिटले असे मी म्हणत नाही. आता बोलणे होते, भांडणही होते. ही घरातली गोष्ट मी त्या दोघांना विचारूनच येथे सांगत आहे.

कार्टून पुन्हा पहिल्या भागापासून लावता येते, घरातले दिवस तसे लावता येत नाहीत. पण हा माणूस असे का वागला, हा प्रश्न दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या महिन्यात, अगदी दहा वर्षांनीही विचारता येतो. आणि तो विचारताना जो ओरडला त्याच्यापाशी थांबू नये; जो गप्प बसला त्यालाही विचारावा. बहुतेक घरांत ती आपणच असतो.

 चिटणीसबाई, मागे बशा भरायच्या राहिल्या आहेत. एवढे बोलून मी आपली रजा घेते.