रात्रीचा उजेड आणि मुंहनोचवा

जेवणं उरकली असतील, भांडी राहू द्या थोडा वेळ. मागच्या बैठकीत गटातल्या एकीने विचारलं, "ताई, उडत्या तबकडीमुळे माणसं मरतात, हे खरं का? लेकाने मोबाईलवर दाखवलं." मी तेव्हा हसून सोडून दिलं. घरी जाताना वाटलं, हसायला नको होतं. म्हणून आज आपल्याच देशातली एक हकीगत सांगते.

2002 साल. त्या जुलैत पावसाने अशी ओढ दिली की देशात सरासरीच्या निम्मासुद्धा पडला नाही. उत्तर प्रदेशात मिर्झापूर, चंदौलीकडे जीव घाबरा करणारा उकाडा आणि लाईटचा पत्ता नाही. माणसं अंगणात, माळवदावर बाजा टाकून झोपायची. अशात बोलवा उठली. रात्री लाल-निळा उजेड टाकत काहीतरी उडत येतं, झोपलेल्याचं तोंड ओरबाडतं, भाजतं आणि निघून जातं. लोकांनी नाव ठेवलं 'मुंहनोचवा', म्हणजे तोंड ओरबाडणारा. कोणी म्हणे परग्रहावरचं यान, कोणी म्हणे शत्रूने सोडलेले किडे. किड्यांचं तर पोलिसांतल्या काहींनीही बोलून दाखवलं!

ऑगस्टपर्यंत निदान सात मृत्यू या मुंहनोचव्याच्या नावावर सांगितले गेले. सात माणसं सात कारणांनी गेली असतील. नाव मात्र एकच पडलं. घरातलं माणूस अचानक गेलं की आपल्याला कोणाचं तरी नाव हवंच असतं.

जाणकारांनी पाहिलं तेव्हा काय निघालं? कानपूरच्या आयआयटीतून सांगितलं गेलं, की कोरड्या हवेत चेंडूसारखी तरंगणारी वीज असू शकेल. लखनौचे डॉक्टर म्हणाले, बऱ्याच जणांनी भीतीच्या भरात नकळत स्वतःलाच ओरबाडलं. मला दुसरं जास्त पटतं. डोक्यात दिवसभर तेच, अर्धवट झोपेत गालावर काही वळवळलं, की आपलीच नखं लागतात. शेजारी धावून येतात, त्यांना रक्त दिसतं. आणि पावसाळ्यात दिव्यावर येणारे काही किडे अंगावर चिरडले, की दुसऱ्या दिवशी भाजल्यासारखे चट्टे उठतात, हे तुम्हीही पाहिलंय. असा किडा बसला तर चिरडू नका, फुंकून उडवा. चिरडलाच तर जागा लगेच साबणाने धुवा.

पण मला खरं सांगायचंय ते पुढचं. भीतीने गावोगाव रात्रीच्या गस्ती सुरू झाल्या. एका ठिकाणी "त्याला पकडा" म्हणत जमलेल्या हजारोंच्या जमावावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, त्यात एक माणूस मेला. हा मृत्यू कशाने झाला हे विचारायला शास्त्रज्ञ लागत नाही.

2017 च्या ऑगस्टमध्ये उत्तरेत तसंच पुन्हा झालं. तेव्हा बायकांच्या वेण्या कापणाऱ्याची अफवा होती. आग्र्याजवळच्या एका गावात म्हातारी दलित बाई पहाटे अंधारात परसाकडे गेली, वाट चुकली. लोकांना वाटलं, हीच ती वेणी कापणारी. मारून टाकली. परसाकडे अंधारात कोणाला जावं लागतं, आणि वाट चुकली तर कोणाच्या दारात जावं लागतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आपल्याकडेही 2024 च्या पावसाळ्याच्या तोंडावर बीड, जालन्याकडे रात्री ड्रोन फिरतात म्हणून गावं जागी राहिली, आठवतं ना? आमच्या वस्तीवरही पोरं काठ्या घेऊन बसली होती. वेशीबाहेर पाल टाकून एक कुटुंब उतरलं होतं. "हे त्यांचेच साथीदार," असं कोणीतरी म्हणालं. कोण म्हणालं, ते अजून कोणी कबूल करत नाही. गटातल्या दोघी आणि मी बॅटरी घेऊन पोरांच्या आधी तिकडे गेलो. पोलीस पाटलांना फोन वाटेतच केला. पालातली बाई जागीच होती, लेकरू पोटाशी धरून. तिने वर बोट दाखवून विचारलं, "बाई, ते काय हाय वो?"

म्हटलं, "मलाही ठाऊक नाही गं. पण तू लेकरं घे, आज आमच्या समाजमंदिरात झोप."