नाकावर विसंबू नका
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



आम्ही कला शाखेचे पदवीधर. रसायनशास्त्रावर बोलण्याचा अधिकार आमचा नव्हे. परंतु पद्मनाभपुरातील कितीतरी घरांतील मुले-मुली प्रयोगशाळांतून काम करतात, म्हणून हे चार शब्द.

१२ जून २०१४ रोजी आपल्या भिलाई पोलाद कारखान्यात कार्बन मोनॉक्साइडने सहा जणांचा बळी घेतला. या वायूला ना रंग, ना गंध. नाकाने इशारा दिलाच नाही.

प्रयोगशाळेत तर विष थेंबाथेंबाने हाताळावयाचे. तेथे माणूस अधिकच निर्धास्त राहतो. अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयाच्या प्राध्यापिका कॅरेन वेटरहान यांच्या हातमोज्यावर ऑगस्ट १९९६ मध्ये डायमिथाइल मर्क्युरीचे काही थेंब सांडले. लॅटेक्सच्या मोज्यातून ते त्वचेत उतरले. लक्षणे काही महिन्यांनी दिसली. ८ जून १९९७ रोजी त्या निवर्तल्या. त्या निष्काळजी नव्हत्या. तो मोजा त्या विषाला रोखणारा नव्हता, हे तोवर कोणास ठाऊक नव्हते.

मुलांचा फोन आला की जेवलास का, हे आपण विचारतोच. यापुढे हेही विचारू या: वाफा ओढून घेणारा पंखा चालू असतो ना? डोळ्यांवर चष्मा आणि हाती त्या रसायनाला योग्य असाच मोजा असतो ना?