बेडकाचे मूत्राशय, आपले मूत्रपिंड



मूत्रपिंडाचा डॉक्टर म्हटल्यावर तुम्ही पथ्यपाण्याची तयारी ठेवली असेल. मी मात्र आधी बेडकाबद्दल बोलणार आहे.

आपल्या मूत्रपिंडातल्या नलिका केसाहून बारीक. आत काय चालते ते पाहणे अवघड. दक्षिण अमेरिकेतल्या टोड या मोठ्या बेडकाचे मूत्राशय मात्र पातळ पडद्यासारखे पसरते आणि काम बरेचसे तेच करते: सोडियम परत घेते, आम्ल आणि अमोनियम बाहेर टाकते. हा पडदा दोन कप्प्यांमध्ये ताणून बसवायचा आणि दोन्हीकडचे पाणी तपासायचे, इतका साधा प्रयोग! १९६१ मध्ये क्राबे यांनी त्यावर अल्डोस्टेरॉन हे स्टेरॉइड संप्रेरक वापरले. सोडियमचे वहन वाढले, पण लगेच नाही, बऱ्याच वेळाने. मला तो उशीरच सर्वांत मोलाचा वाटतो. संप्रेरक पेशीकडून नवी प्रथिने बनवून घेते, त्याला वेळ लागणारच. १९७४ मध्ये लुडेन्स आणि फॅनेस्टिल यांना दिसले, की त्याने आम्लही जास्त बाहेर पडते.

आता जुन्या मधुमेहींनी कान द्यावा. तुमच्यापैकी काहींत हेच संप्रेरक कमी पडते. मग रक्तात पोटॅशियम साठते, त्यामुळे मूत्रपिंडात अमोनिया कमी बनतो आणि आम्ल वाहून न्यायला वाहन अपुरे पडते. रक्तदाबाच्या आणि सांधेदुखीच्या काही गोळ्या त्यात भर घालतात. माणूस एवढेच म्हणतो, "हल्ली थकवा येतो." तेव्हा क्रिएटिनिनबरोबर पोटॅशियम आणि बायकार्बोनेटही तपासून घ्या. आणि कुणी आग्रहाने शहाळे पाजू लागले, तर आधी पोटॅशियमचा आकडा बघा.