पिंजरा पाखराच्या मापाचा

(सोसायटीच्या उन्हाळी शिबिरात बालमित्र आणि पालकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला शिबिरात 'बचतीचे महत्त्व' या विषयावर बोला असं सांगितलं होतं. पस्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला दुसरा कोणता विषय देणार? पण मी त्यांना विनंती केली, की मला पिंजऱ्यावर बोलू द्या. आपल्या तीन इमारतींच्या गॅलऱ्यांकडे खालून बघितलं तर आज सात-आठ पिंजरे टांगलेले दिसतात. मी काही पक्षितज्ज्ञ नाही. माझ्या हातून एक चूक झाली आणि त्या चुकीत एक पाखरू गेलं. ती तुमच्या हातून होऊ नये, एवढ्यासाठीच उभा आहे.

आधी पाखरू कोणतं ते सांगतो. दुकानदार ज्याला 'लव्हबर्ड' म्हणून देतात तो बहुतेक वेळा लव्हबर्ड नसतोच. त्याचं खरं नाव बजरीगर, लाडाचं नाव बजी. मूळचा ऑस्ट्रेलियाचा. जॉन गोल्ड नावाच्या पक्षिशास्त्रज्ञाने १८४० साली तो जिवंत इंग्लंडला नेला आणि तेव्हापासून माणसाच्या घरात त्याची वीण होत आली. चोचीच्या वरचा भाग निळा असला तर बहुधा नर, तपकिरी असला तर मादी.

आपला हिरवा पोपट ही मात्र वेगळी गोष्ट. १९९२-९३ मध्ये माझी बदली अहेरी तालुक्यात होती. कर्जाचा शेवटचा हप्ता भरायला आलेल्या एका शेतकऱ्याने पिशवीतून टोपली काढली आणि म्हणाला, "साहेब, पोपटाचा पिल्लू आनलो तुमच्या पोराइले खेळाले." जुन्या झाडाच्या ढोलीतून काढलेलं, अंगावर पुरती पिसंही नसलेलं पिल्लू. त्याच्या मनात कृतज्ञता होती, दुसरं काही नव्हतं. मला तर आनंदच झाला. लहानपणी आमच्या घरीही गोल पिंजऱ्यात पोपट होताच. तेवढ्यात खात्यात पगार जमा झाला का ते बघायला एक वनपाल आले. टोपलीत डोकावून मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, १९७२चा वन्यजीव कायदा आहे. हा पक्षी ना त्याला पकडता येत, ना तुम्हाला पाळता येत." मी खजील झालो. पिल्लू त्यांच्या स्वाधीन केलं. ताडोबाच्या नावाने जगात ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात आपण राहतो, तेव्हा आपल्या जंगलातला पोपट पिंजऱ्यात ठेवायचा नाही, हे मुलांनी आजच पक्कं करावं. घरात वाढलेला बजी पाळायला मनाई नाही, पण म्हणून तो कसाही ठेवावा असं नाही.

आता माझी चूक. दोन वर्षांपूर्वी नातीच्या वाढदिवसाला मी बजीची जोडी आणली. हिरवा नर, निळी मादी. पिंजरा निवडताना मी बघितलं काय, तर तो बैठकीत शोभून कसा दिसेल. घुमटाचा, उंच, सोनेरी रंगाचा, वर पत्र्याचं छप्पर. दुकानदाराला विचारलं, "आपल्याकडचा उन्हाळा झेपेल का हो याला?" तो म्हणाला, "काका, हा ऑस्ट्रेलियाचा आहे, त्याला काय होते?" मला पटलं. पिंजरा पश्चिमेच्या गॅलरीत टांगला.

मे महिन्यात आम्ही सगळे भद्रावतीला लग्नाला गेलो. सकाळी दाणे भरले, पाणी भरलं, घराला कुलूप लावलं. परत यायला साडेचार वाजले. चंद्रपूरचा मे म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको, पारा पंचेचाळीसच्या पुढे. ऊन सरळ पिंजऱ्यावर आलं होतं, पत्र्याला हात लावला तर चटका बसला. पाण्याची वाटी रिकामी. हिरवा तळाशी पंख पसरून पडलेला होता, गेलेला. निळी कोपऱ्यात चोच उघडी टाकून धापा टाकत होती. तिला घरात आणलं, पायांना ओलं फडकं लावलं, पाणी दाखवलं. ती वाचली.

नात दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "आबाजी, तो सावलीत का नाही गेला?"

मी काय उत्तर देणार? ऑस्ट्रेलियातला बजीही कडक उन्हाळा सोसतो, ते खरं आहे. पण तिथे तो दुपारी झाडाच्या सावलीत गप्प बसतो, पाणी आटलं की थव्याने दुसरीकडे उडून जातो. इथे दार मी लावलं होतं. दार आपण लावलं की सावली आणि पाणी या दोन्हीची जबाबदारी आपलीच.

त्यानंतर मी निळीसाठी नवा पिंजरा करून घेतला आणि तिला नवा जोडीदार आणला. तो पिंजरा कसा आहे ते सांगतो, मुलांनी लिहून घ्यावं.

पिंजरा उंचीपेक्षा लांबीला जास्त हवा. बजी आडवा उडतो, हेलिकॉप्टरसारखा सरळ वर जात नाही. जोडीसाठी अडीच फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड-दोन फूट उंच, याहून कमी नको. जास्त असला तर उत्तमच. गोल पिंजरा घेऊ नका, त्यात पाखराला कोपऱ्याचा आसरा मिळत नाही. दोन तारांमधलं अंतर अर्ध्या इंचाच्या वर नसावं, नाहीतर डोकं अडकतं. दोन बाजूंच्या तारा आडव्या असल्या तर चढायला सोपं जातं. गंजलेली किंवा रंगाचे पोपडे निघालेली जाळी नको, कारण बजी सगळं चोचीने कुरतडतो आणि जस्त, शिसं पोटात गेलं तर विषबाधा होते. वर सरकणारं दार हा पक्षी चोचीने उचलतो, म्हणून त्याला एक क्लिप लावा. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, तसंच समजा.

दुकानातल्या गुळगुळीत, एकसारख्या दांड्या काढून टाका. कडुनिंबाच्या किंवा पेरूच्या फांद्या धुऊन, वाळवून लावा. एक करंगळीएवढी, एक अंगठ्याएवढी. जाडी बदलती असली की पायांना व्यायाम होतो, एकाच जागी दाबून जखमा होत नाहीत. दांडीच्या बरोबर खाली दाण्याची किंवा पाण्याची वाटी ठेवू नका, विष्ठा त्यातच पडते. मटकी फक्त पिल्लं हवी असतील तरच.

दाणे म्हणजे राळे, ज्याला दुकानात कांगणी म्हणतात, आणि थोडी बाजरी. जोडीला पालक, मेथी, कोथिंबीर, धुतलेली. चोच घासायला आणि कॅल्शियमसाठी समुद्रफेस. इथे माझ्यातला जुना ऑडिटर जागा होतो. बजी दाणा सोलून फोलपट वाटीतच टाकतो. संध्याकाळी वाटी भरलेली दिसते, फुंकर मारली की सगळं उडून जातं, खाली चार दाणे! कागदावर शिल्लक भरपूर आणि तिजोरी रिकामी, असे हिशेब मी नोकरीत बघितले आहेत. म्हणून रोज फुंकर मारून बघायचं.

आता जागा. पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला टेकलेली असावी, म्हणजे पाखराला पाठीशी आधार वाटतो. उंची आपल्या डोळ्यांएवढी. स्वयंपाकघरात पिंजरा अजिबात नको. नॉनस्टिक भांडं जास्त तापलं तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. मार्च संपला की पिंजरा गॅलरीतून आतल्या खोलीत आणायचा. कूलर जरूर लावा, पण त्याचा झोत सरळ पिंजऱ्यावर नको. पाणी मातीच्या वाटीत, दिवसातून दोनदा बदलून, आणि एक वाटी जादाची. आंघोळीला उथळ ताटली. रात्री पातळ सुती कापड टाकून दहा-बारा तास शांत झोप. पाखरू चोच उघडून, पंख अंगापासून दूर धरून बसलं, की समजा त्याला ऊन लागतं आहे. लगेच थंड जागी न्या, पाय ओले करा, पण बर्फाचं पाणी ओतू नका, आणि पशुवैद्यकांना फोन करा.

एक घरगुती गोष्ट. आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनींच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर फोलपटं पडायची आणि त्यांची तक्रार रास्त होती. आता मी पिंजऱ्याच्या खालच्या अर्ध्या भागाला जुन्या नऊवारीची पट्टी गुंडाळली आहे. तक्रारही मिटली आणि त्यांचा नातू रोज बजी बघायला वर येऊ लागला.

शेवटी एक सूचना मांडतो. सोसायटीला यंदा पंचवीस वर्षं झाली. सुरुवातीला टँकर आला की आपण एकमेकांच्या बादल्या भरून ठेवत होतो, आठवतं? त्या दिवशी लग्नाला जाताना मी शेजाऱ्यांकडे किल्ली दिली असती तर हिरवा वाचला असता. शेजारी घरातच होते. मला सुचलंच नाही. तेव्हा ज्यांच्या घरी पाखरू, मांजर, कुत्रं, मासे काहीही आहे, त्यांनी एप्रिल ते जून गावाला जाताना एक किल्ली शेजारी ठेवावी आणि चौकीदाराच्या वहीत तशी नोंद करावी. यासाठी ठराव लागत नाही, वर्गणी लागत नाही.

आणि मुलांनो, आज घरी गेल्यावर पट्टी घेऊन आपापला पिंजरा मोजा. उद्या शिबिरात मापं सांगा. ज्याचा पिंजरा लहान निघेल त्याच्या वडिलांशी मी स्वतः बोलेन. कर्जवसुलीचा अनुभव मला दांडगा आहे.



जय सहकार!