ज्वारीचे मूल्यवर्धन आणि मूल्याची वाटणी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



मंगळवेढ्याला ज्वारीचे कोठार म्हणतात. पाऊस बेताचा, परंतु जमीन काळी, खोल आणि ओल धरून ठेवणारी. त्या ओलीवर तेथे रब्बीची मालदांडी पिकते. २०१६ साली या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले. पण मंगळवेढ्याची कीर्ती त्याहून फार जुनी आहे. दुष्काळात दामाजीपंतांनी सरकारी कोठारे उपाशी रयतेसाठी खुली केली, असे परंपरा सांगते. धान्य कोणासाठी, हा त्या कथेचा गाभा आहे. ‘मूल्यवर्धन’ हा शब्द आज सर्वतोमुखी झाला असताना तोच प्रश्न पुन्हा विचारणे अगत्याचे आहे.

कालपर्यंत ज्वारी, बाजरी, नाचणी ही ‘भरड’ धान्ये होती. २०१८ साली केंद्र शासनाने त्यांना पौष्टिक धान्यांचा दर्जा दिला. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने त्यांच्या नावे साजरे केले आणि त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात त्यांचा ‘श्रीअन्न’ म्हणून गौरव झाला. गौरव झाला तेव्हा शेत मात्र ओसरले होते. १९७०-७१ साली देशात सुमारे पावणेदोन कोटी हेक्टरांवर ज्वारी होती. आज ती पन्नास लाख हेक्टरांच्याही खाली आली आहे. लोकांची आवड बदलली, एवढ्यानेच हे घडलेले नाही. गहू आणि तांदळाला सिंचन मिळाले, सरकारी खरेदी मिळाली, शिधावाटप दुकानाची हक्काची बाजारपेठ मिळाली. ज्वारीला यातले फारच थोडे लाभले. १९६४ साली आलेल्या पहिल्या संकरित वाणापासून खरिपाचा उतारा वाढला खरा. परंतु काढणीच्या वेळी पावसात सापडलेले दाणे काळे पडत आणि ते ताटाऐवजी पशुखाद्याकडे वळत. ज्वारीच्या या प्रदेशाला १९७२ च्या दुष्काळात परदेशी लाल मिलो खावा लागला, हे जुन्या पिढीच्या स्मरणात आहे.

ज्वारीच्या गुणांबद्दल अतिशयोक्ती करण्याचे कारण नाही. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम प्रथिने, तितकाच तंतुमय भाग आणि चार मिलिग्रॅमच्या आसपास लोह असते. तिच्या प्रथिनांत लायसिनची उणीव असते, म्हणून भाकरीला पिठल्याची किंवा डाळीची जोड लागते. तिच्यातील फायटेटमुळे लोह पूर्णपणे अंगी लागत नाही. पण भिजवणे, मोड आणणे, आंबवणे यांनी हा अडथळा कमी होतो. आंबील करणाऱ्या बाईला ‘फायटेट’ हा शब्द ठाऊक नव्हता. कृती मात्र ठाऊक होती. हुरडा, लाह्या, कण्या, धपाटे, सोलापूरची कडक भाकरी ही सारी मूल्यवर्धनेच होत. विज्ञानानेही आपली भर घातली आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने २०१८ साली ‘परभणी शक्ती’ हे लोह आणि जस्त अधिक असलेले वाण प्रसारित केले.

मग नव्या पदार्थांची गरज काय? ही गरज खरी आहे, आणि ती प्रथम स्त्रीच्या श्रमातून निर्माण झालेली आहे. ज्वारीत ग्लुटेन नसल्याने पीठ चिवट होत नाही. गरम पाण्यात मळून प्रत्येक भाकरी हाताने थापावी लागते. दळलेले पीठही फार दिवस टिकत नाही. दिवसभर मजुरी करून घरी परतलेल्या बाईने पोळीचा किंवा पावाचा मार्ग धरला, तर तिला परंपरेचे धडे देण्याचा अधिकार कोणाला आहे? ज्वारीचा रवा, पोहे, शेवया हे पदार्थ हैदराबादच्या भारतीय भरडधान्य संशोधन संस्थेने विकसित केले आहेत. कष्ट कमी करणारे तंत्र म्हणून त्यांचे स्वागतच केले पाहिजे.

तथापि, हिशेबवहीतले मूल्य आणि शरीराला लाभणारे मूल्य ही एक नव्हेत. २००७ साली राज्य शासनाने धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना अनुदान देण्याचे धोरण आखले. ज्वारी-बाजरीला भाव मिळेल, असे समर्थन तेव्हा करण्यात आले. वहीच्या हिशेबाने तेही मूल्यवर्धनच होते! विचारी लोकांनी त्याला विरोध केला, तो याच भेदाच्या जाणिवेने. मैदा, साखर आणि नावापुरते ज्वारीचे पीठ यांचे बिस्किट आकर्षक वेष्टनातून विकणे हा त्याच विचारसरणीचा सौम्य अवतार होय. २०२३ च्या ऑक्टोबरात वस्तू व सेवा कर परिषदेने पिठांवरील करसवलत देताना किमान सत्तर टक्के भरडधान्याची अट घातली. ‘ज्वारीचा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पदार्थाला अशीच कसोटी का असू नये?

यापुढचा पेच अधिक कठीण आहे. शेतकऱ्याला भाव हवा आणि मजुराला स्वस्त धान्य हवे. ज्वारी शहरी आरोग्याची आवड बनून महागली, तर ती पिढ्यान्‌पिढ्या खाणाऱ्या शेतमजुराच्याच ताटातून ती उठेल. हा पेच बाजार सोडवू शकत नाही. सार्वजनिक खरेदी आणि सार्वजनिक वाटपच तो सोडवू शकते. मालदांडीचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ३,७४९ रुपये आहे. परंतु खळ्यावर रास पडते तेव्हा खरेदी केंद्र उघडे नसेल, तर तो आकडा कागदावरच राहतो. कारण लहान शेतकऱ्याला थांबण्याची ऐपत नसते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने भरडधान्य किलोला एक रुपया दराने देण्याची तरतूद केली आणि जानेवारी २०२३ पासून शिधा मोफत झाला. तरी महाराष्ट्रात मुख्यत्वे गहू आणि तांदूळच वाटला जातो. कर्नाटकाने नाचणी आणि ज्वारी शिधावाटपात आणली. ओडिशाने आदिवासी भागातील नाचणीची खरेदी उभी केली आणि काही जिल्ह्यांत अंगणवाडीतल्या मुलांच्या हाती नाचणीचे लाडू दिले. महाराष्ट्रात २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार पाच वर्षांखालील शंभरातली पस्तीस बालके वयाच्या मानाने खुजी आहेत आणि निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाने पीडित आहेत. मूल्यवर्धित ज्वारीचा पहिला ग्राहक कोण असावा, हे याहून स्पष्ट कसे सांगावे?

हे पदार्थ करावेत कोणी? अंगणवाडीच्या पोषण आहारात ठेकेदार नकोत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ सालीच बजावले आहे. तरीही महिला बचत गट दर्जा राखू शकणार नाहीत, हा आक्षेप पुनःपुन्हा पुढे केला जातो. दर्जाचा आग्रह योग्यच आहे. ओलसर धान्याला बुरशी लागते आणि मुलांच्या आहारात हयगय चालत नाही. परंतु दर्जा हा कोणत्याही वर्गाचा जन्मसिद्ध गुण नव्हे. स्वच्छता यंत्र, गिरणी, भाजणी यंत्र, कोरडे गोदाम आणि तपासणीची सोय यांतून तो साधतो. तालुक्याच्या ठिकाणी ही सामग्री सार्वजनिक भांडवलातून उभी राहू शकते. गटांना आजवर प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे आणि प्रदर्शनातले गाळे पुष्कळ मिळाले. त्यांना हवी आहे ती वर्षभराची खात्रीची मागणी, वेळेवर मिळणारे देयक आणि योग्य मजुरी.

म्हणून कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यात तीन मागण्या हाती घ्याव्यात. फेब्रुवारी-मार्चमध्ये रास पडण्यापूर्वी ज्वारीचे खरेदी केंद्र उघडावे. ज्या जिल्ह्यांत ज्वारी खाल्ली जाते, तेथे ती शिधापत्रिकेवर नियमित मिळावी. अंगणवाडी, शाळा आणि आश्रमशाळा यांच्या आहारात त्याच तालुक्यातील गटांनी केलेले ज्वारीचे पदार्थ असावेत आणि त्यांची खरेदी, किंमत व तपासणी ग्रामसभेपुढे मांडली जावी. ‘श्रीअन्न’ या नावातील श्री शेतकऱ्याच्या खळ्यावर, बाईच्या मजुरीत आणि मुलाच्या ताटात दिसली पाहिजे.