आउगुस्ट झांडरचा संकल्प

छायाचित्रणाचा धंदा आणि छायाचित्रणाची साधना या दोन भिन्न गोष्टी आहेत. धंद्यांत गिऱ्हाईक सांगेल तें करावें लागतें, आणि त्याची मागणी बहुधा एकच असते : आपण आहों त्याहून चांगले दिसावें. साधनेंत सांगणारा कोणी नसतो. पैसे देणाराही नसतो. आउगुस्ट झांडर या जर्मन छायाचित्रकारानें दोन्ही गोष्टी जन्मभर केल्या. पहिलीनें त्याचें घर चालविलें. दुसरीनें त्याचें आयुष्य व्यापलें.

झांडरचा जन्म १८७६ सालीं हेरडॉर्फ या खाणींच्या गांवीं झाला. बाप खाणीवर सुतारकाम करी. शाळा सुटल्यावर मुलगाही खाणीवर कामास लागला. तेथें एका छायाचित्रकाराला मदत करण्याचा प्रसंग आला आणि त्याला या विद्येची गोडी लागली. चुलत्यानें द्रव्यसाहाय्य केलें व कॅमेरा हातीं आला. पुढें ऑस्ट्रियांतील लिंझ शहरीं धंदा करून १९१० च्या सुमारास तो कोलोनला स्थायिक झाला. शहरांत गिऱ्हाइकें बेताचींच मिळत. म्हणून तो जवळच्या वेस्टरवाल्ड प्रांतांतील खेड्यांकडे वळला. तेथील शेतकरी त्याच्या ओळखीचे, त्याच्याच बोलींतले होते. १९१४ सालचें त्याचें एक चित्र प्रसिद्ध आहे. नाचाला निघालेले तीन तरुण शेतकरी, अंगांत काळे कोट, हातांत काठ्या, वाटेवर थांबून मागें पाहत आहेत. त्याच वर्षीं पहिलें महायुद्ध पेटलें, हें ठाऊक असणाऱ्याला त्या चित्राकडे सहज पाहतां येत नाहीं.

युद्धानंतर कोलोनमधील पुरोगामी चित्रकारांशीं त्याचा स्नेह जडला आणि एक मोठा संकल्प त्याच्या मनांत आकारास आला. आपल्या काळांतील सारा समाज चेहऱ्याचेहऱ्यानें नोंदवावयाचा, त्याला नांव द्यावयाचें ‘विसाव्या शतकांतील माणसें’. त्यानें समाजाचे सात वर्ग पाडले : शेतकरी, कारागीर, स्त्री, निरनिराळे व्यवसाय, कलावंत, महानगर, आणि सर्वांत शेवटीं आजारी, अपंग व उपेक्षित माणसें. प्रत्येक वर्गाचे संच करून एकूण सुमारें ४५ संचांची योजना आंखली. ही विभागणी आज कांहींशी जुनाट वाटेल. शेतकऱ्याला समाजाचा पाया मानणें आणि माणसाला धंद्यावरून ओळखणें, हा जुन्या जगाचाच दृष्टिकोन होय. परंतु त्या चौकटींत बसविलेलीं माणसें मात्र चौकटींत मावत नाहींत.

याचें कारण त्याच्या पद्धतींत आहे. लहान, चटकन टिपणारे कॅमेरे बाजारांत आले असतांही तो मोठा कॅमेरा व कांचेच्या प्लेटी वापरी. अशा कॅमेऱ्यापुढें क्षणभर का होईना, स्थिर राहावें लागे. झांडर माणसाला त्याच्या नेहमींच्या जागीं, शक्यतों नैसर्गिक प्रकाशांत उभा करी आणि कसें उभें राहावयाचें हें बहुतांशीं त्याच्यावरच सोपवी. चेहऱ्यावरील सुरकुत्या पुसून टाकण्याचा धंद्यांतील रिवाज त्यानें येथें वर्ज्य केला. चित्राखालीं बहुधा नांव नसे. धंदा तेवढा लिहिलेला असे. १९२८ सालच्या चित्रांतील गलेलठ्ठ मिठाईवाला भांडें हातीं धरून एखाद्या सरदाराच्या ऐटींत उभा आहे. त्याच सालचा गवंड्याच्या हाताखालचा मजूर खांद्यांवर विटांची चळत घेऊन तितक्याच ताठ मानेनें समोर पाहतो. वकील आणि मजूर, दोघांनाही झांडरनें सारखाच मान दिला आहे.

१९२९ सालीं या कामांतील निवडक ६० चित्रांचें पुस्तक ‘काळाचा चेहरा’ या अर्थाच्या नांवानें निघालें. प्रस्तावना आल्फ्रेड डोब्लिन या कादंबरीकाराची होती. पुढें नाझी सत्ता आली. तिला जर्मन माणसाचा एकच, ठरीव, तेजस्वी चेहरा हवा होता; झांडरच्या पुस्तकांत तर भिन्नभिन्न चेहऱ्यांची गर्दी होती. १९३६ सालीं पुस्तकाचे छापखान्यांतील ठसे नष्ट करण्यांत आले व शिल्लक प्रती जप्त झाल्या.

याहून मोठा घाव घरांत बसला होता. समाजवादी विचारांचा मुलगा एरिख याला १९३४ सालीं अटक होऊन दहा वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगांत तो छायाचित्रणाचें काम करी. त्यानें घेतलेलीं राजकीय कैद्यांचीं चित्रें बापानें आपल्या संग्रहांत सामील केलीं. १९४४ सालीं, सुटकेला थोडाच अवधि उरला असतां, एरिख तुरुंगांतच वारला. त्याच्या मृत चेहऱ्याच्या मुखवट्याचें चित्रही झांडरनें आपल्या संग्रहाच्या शेवटच्या वर्गांत ठेवलें.

या काळांत तो वरकरणीं निसर्गचित्रांकडे वळला होता. मूळ संकल्प मात्र सुटला नव्हता. १९३८ च्या सुमारास कोलोनमधील ज्यू नागरिक त्याच्याकडे येऊन बसले. तीं चित्रें त्यानें पुढें ‘छळ सोसलेले’ या नांवाच्या संचांत ठेवलीं. आणि गणवेषांतील नाझींनाही त्याच्या संग्रहांत निराळा संच मिळाला. छळणारे आणि छळ सोसणारे, दोघेही त्याच शतकाचीं माणसें होतीं. नोंद ठेवणाऱ्यानें कोणाला वगळावयाचें?

बाँबहल्ल्यांच्या भीतीनें कांहीं प्लेटी त्यानें वेस्टरवाल्डमधील कुखहाउझेन या खेड्यांत हलविल्या. १९४४ सालीं कोलोनमधील घर उध्वस्त झालें, तरी तळघरांतील प्लेटी बचावल्या. पण १९४६ सालीं त्या तळघराला आग लागून सुमारें २५ ते ३० हजार प्लेटी व फिल्मा जळाल्या. त्या वेळीं झांडर सत्तरीला आला होता. उरलेल्या संग्रहाची जुळवाजुळव तो पुढेंही करीत राहिला आणि १९६४ सालीं, काम अपुरें टाकून, कोलोन येथें वारला.

त्याच्या दुसऱ्या मुलानें, गुंथरनें, १९८० सालीं या चित्रांचा मोठा ग्रंथ काढला. २००२ सालीं त्यांतील ६१९ चित्रें सात खंडांत प्रसिद्ध झालीं. ज्या कामाची कोणी मागणी केली नव्हती, ज्याचे ठसे सरकारनें मोडले आणि ज्याचा बराच भाग आगीनें गिळला, त्यांतून एका राष्ट्राची माणसें अर्ध्या शतकांत कशीं होतीं हें आज कळतें. असें काम हातीं घेणाऱ्याला फळ केव्हां मिळेल हें विचारण्याची सोय नसते. माणूस समोर उभा असतां प्लेट भरावयाची, एवढेंच त्याच्या हातीं असतें.